पायाला विचार

सर्जापूर रोडच्या पलीकडच्या त्या टेकडीवर चढण्याआधी वसुधाअक्का चपला काढायच्या. टेकडी कसली, जुनी दगडखाण. शहराच्या कचऱ्यानं भरली, फुगली, वर माती टाकून झाकली. आत अजून धुमसत असायची. अक्का सकाळी अनवाणी वाट तपासायच्या. "डोळ्याला नुसतं गवत दिसतं, दत्तू. पायाला विचार. स्वल्प थांब, मगच सरी म्हण." त्यांच्या मराठीत कानडी मिसळलेलं: स्वल्प म्हणजे थोडं, सरी म्हणजे ठीक.

चामराजपेटच्या जुन्या मराठी घरातल्या या चित्रकार. मी जतकडचा, आठवीत शाळा सोडलेला. त्यांनी मला गाडी चालवायला ठेवलं, आणि टेकडी बघायला शिकवलं. तिथल्याच मातीचे रंग करून त्या तिचीच चित्रं काढायच्या. "हा डोंगर आपणच केलाय रे. नाक दाबून पळतोस कुठं?"

एका रविवारी परवानगी देणाऱ्या साहेब मंडळींना वर फिरवायचं होतं. त्यांना पटलं तर लोकांना टेकडी दाखवायचं काम चालू. नाही तर फाटकाला कुलूप, आणि मी परत गावाला. माणसं फाटकाशी जमली आणि अक्का वर वाटेतच थबकल्या.

"इथं गरम लागतंय."

"उन्हानं असेल, अक्का."

"ऊन आलंय कुठं अजून?"

पुण्याचे संशोधक सुहाससर तापमापकाची सळई घेऊन धावले. ती मातीत खुपसली. आकडा चढतच राहिला. सरांचा चेहरा उतरला. "कॅन्सल केलं तर परमिशन गेली समजा."

"जाऊ दे. माणसं नाही जायची."

मग अक्कांनी मला गाडीतले रांगोळीचे डबे आणायला लावले. फाटकाबाहेरच्या डांबरावर बसून काढत गेल्या: खाणीचा खड्डा, कचऱ्याचे काळे थर, वर गवत, पुढेमागे गुरं चरतील ती उतरण. आणि वाटेवर एक लाल ठिपका.

"टेकडी आज इथंच. चाला हिच्यावरून."

एक साहेब बूट काढायला वाकले. "राहू द्या हो, ही थंड आहे," अक्का म्हणाल्या. सगळे हसले. मला काही हसू येईना.

साहेब लाल ठिपक्यापाशी पोचले होते. तेवढ्यात वर, त्याच वाटेवर, धुराची बारीक रेघ उठली. साहेबांनी ठिपक्यावरचा पाय हळूच मागे घेतला.

परवानगी राहिली. अक्का मात्र गेल्या वर्षी गेल्या.

आता लोकांना मी फिरवतो. पहिल्या दिवशी फाटकाशी माणसं घड्याळं बघत होती. "अण्णा, किती वेळ?" कोणीतरी ओरडलं. मी अनवाणी वाटेवर उभा. माती गार होती. तरी स्वल्प थांबलो.

मग म्हणालो, "सरी. या."