नौकावाल्याइच्या भेटीले रायपूर

आमगावहून रविवारी सकाळच्या पॅसेंजरमध्ये बसली तवा गुड्डी कडेवर होती. गुड्डी म्हणजे माही दीड वर्षाची पोट्टी. तिचे बाबा मले डब्यात चढवून देऊन म्हणे, "टीव्हीतल्या नौकेसाठी रायपूरले चालली, लोकं हासतीन व." म्हटलं, हासू द्या. पण मले हासण्याचं भेव नव्हतंच. भेव दुसरंच होतं, अन् ते मी त्याइले सांगतलं नव्हतं.

परत आल्यापासून तुम्ही साऱ्या मैत्रिणी विचारून राहिल्या, रायपूर कसं आहे, काय पाह्यलं, तोंड काहून उतरलं. म्हणून लिहून राहिली. शुद्ध नाई लिहिता येत, समजून घ्या.

आधी नौकेचं सांगतो. 'नौका सतरा' नावाची मालिका दर रविवारी हिंदीत लागते. घरदार सोडलेली माणसं एका मोठ्या यानात बसून चांदण्याइच्या मधून जाऊन राहिली आहे, कुठं जाचं ते त्याइलेच माहीत नाई. त्या यानाचा एक कायदा आहे. कोणीही प्रश्न विचारला, भांडे घासणारीनं विचारला तरी, कप्तानानं हातचं काम ठेवून उत्तर द्याचं. नसन माहीत तं 'माहीत नाई' म्हणाचं. बाकी त्यातल्या मशीनी मले अर्ध्या समजत नाई. मी त्या कायद्यासाठी पाहतो. मी सातवीत नापास झाली अन् शाळा सुटली. वर्गात 'काहून' म्हटलं की गुरुजी म्हणे चूप बस, घरी म्हटलं की बाबा म्हणे लय शानी झाली का.

रायपूरच्या एका नलिनीताईनं पेपरात पत्ता दिला होता, मालिका आवडणाऱ्याइनं पत्र लिहा म्हणून. मी लिहिलं. अन् नावाखाली लिहून टाकलं, विज्ञान शिक्षिका. वाटलं, सातवी नापास बाईले कोण उत्तर देईन? आठ दिवसात उत्तर आलं, "आदरणीय मॅडम". दोन वर्षं मी मॅडमच राह्यली, अन् आता त्याइनं साऱ्या नौकावाल्याइले घरी बोलावलं होतं. हेच ते भेव.

सालेकसा गेलं, दरेकसाचा बोगदा आला, गुड्डी अंधारात जोरात रडली. डोंगरगडले खिडकीतून पहाडावरचं देऊळ दिसलं, मी हात जोडले, म्हटलं आजच्या दिवस लाज राख माय. राजनांदगाव, दुर्ग, मंग भिलाईच्या कारखान्याच्या धुराच्या चिमण्याच चिमण्या. तिथं गुड्डीची एक चप्पल खिडकीतून खाली पडली, तं दिवसभर एकाच पायात चप्पल.

रायपूर टेसनवर उतरली तं ऊन असं की डोळे उघडत नाई. सारीकडे रस्ते खोदलेले, नव्या पाट्या, राजधानी झाल्यापासून गाव कसं अंगापेक्षा मोठा सदरा घातल्यावानी झालं आहे. ऑटोवाल्याले नलिनीताईचा पत्ता सांगतला, शंकर नगर, त्यानं काय ऐकलं देव जाणे, मले भनपुरीच्या सवारीत बसवलं. ट्रकच ट्रक दिसले, झाडाच्या पानावर काळी धूळ बसलेली, तवा समजलं आपण चुकलो. विचाराची हिंमतच होत नव्हती. बाजूची भाजीवाली बाई म्हणे, "कहाँ जाबे बेटी?" सांगतलं. तिनं ऑटोवाल्याले असं झाडलं, "ए भैया, लइका वाली ला घुमावत हस?" (लेकरूवालीले फिरवून राहिला का.) अन् मले दुसऱ्या ऑटोत बसवून दिलं. मी म्हटलं शंकर नगरच न? तो म्हणे, "हव दीदी, हव." (हव म्हणजे हो.)

नलिनीताई दारातच उभ्या होत्या. नागपूरच्या आहे, सरकारी ऑफिसात, राजधानी झाली तशी बदलीवर आल्या, एकट्याच राहतात. "या मॅडम, या! किती वाट पाहिली तुमची!" खोलीत सात-आठ लोकं. सारे उभे राह्यले. माह्यासाठी! मी चप्पल काढताना खालीच पाहत राह्यली.

त्याइनं फरा केला होता (तांदळाच्या पिठाचे उकडलेले बोटाएवढे रोल, वरून तिळाची फोडणी), सोबत टमाट्याची चटणी. गुड्डीनं चार खाल्ले. मंग सीडीवर जुना भाग लावला, अन् पाहता पाहता एकेक जण सांगे, आपल्याले ही मालिका काहून लागली. नलिनीताई म्हणे, "या गावात मी कोणाला ओळखत नव्हते. त्या नौकेतलेही सगळे घर सोडून आलेले. रविवारी वाटायचं, माझ्या पाऱ्यातले आहेत." (पारा म्हणजे मोहल्ला.)

भनपुरीचे देवीदासभाऊ होते, मूळचे भंडाऱ्याचे, सिलतऱ्याले लोखंडाच्या कारखान्यात भट्टीवर. ते म्हणे, "आमच्या इथं साहेबाले काही विचारलं की दुसऱ्या दिवशी गेटवरच थांबवते. नौकेत विचारणाऱ्याले खुर्ची देते. मले तं पाहूनच झोप येते चांगली." सारे हासले.

त्याइची पोट्टी सोनल सोबत होती, दहावी झालेली. मराठी समजे, बोले हिंदीत. देवीदासभाऊ माह्याकडे वळले. "मॅडम, हिच्यासाठीच आलो. हिले साइन्स घ्याचं आहे. माहा भाऊ म्हणते, कायले, शिवणकाम शिकव. उद्या फॉर्मची शेवटची तारीख. मी तं अडाणी माणूस, तुम्ही म्हणान तसं."

मले काय सांगू कसं वाटलं. मी मान ताठ करून म्हटलं, "बिनधास्त टाका साइन्सले."

सोनल अशी हासली! अन् लगेच म्हणे, "मॅडम, एक बात पूछूँ? बाहर तो हवा ही नहीं है. फिर नौका फूटती है तो आवाज कैसे आती है?"

मले काय माहीत? सारे माह्याकडे पाहून राह्यले होते. म्हटलं, "येते न आवाज. एवढी मोठी वस्तू फुटन तं आवाज नाई येईन का?"

"पर मॅडम, हवा के बिना आवाज तो..."

"चूप बस! लय शानी झाली का?"

हे माह्या तोंडातून निघालं. माह्याच.

पोट्टीनं मान खाली घातली. "सॉरी मॅडम." देवीदासभाऊ ओशाळले, नलिनीताईले म्हणे, "पाहा न ताई, हिले मॅडमचंच समजून नाई राह्यलं, हे काय साइन्स करन. भाऊ बरोबरच म्हणते. राहू दे, नाई टाकत."

तवाच बोलाले पाहिजे होतं. गुड्डी रडली नव्हती तरी तिले उचलून गॅलरीत गेली अन् तिथंच उभी राह्यली, लोकं चहा प्यायले, बोलले, मी उभीच. देवीदासभाऊ पोट्टीले घेऊन जिना उतरून स्कूटरजवळ पोचले, तवा कुठं मी गुड्डीले घेऊन धावली, अनवाणी.

"भाऊ, थांबा. मी मॅडम नाई. सातवी नापास आहो. पोट्टीनं विचारलेलं मले येत नव्हतं, म्हणून मी तिच्यावर ओरडली."

मांगं नलिनीताई येऊन उभ्या राह्यल्या होत्या. देवीदासभाऊ हासले नाई, शिव्याही दिल्या नाई. म्हणे, "आधी म्हणता टाका. मंग पोट्टीले सगळ्याइच्या समोर चूप करता. आता म्हणता मॅडमच नाई. मंग मी ऐकू कोणाचं?"

"तिचं ऐका न भाऊ."

"देखते हैं," म्हणे, अन् स्कूटरले किक मारली. सोनलनं माह्याकडे पाह्यलंच नाई.

नलिनीताई टेसनवर सोडाले आल्या. तिकीट काढून झाल्यावर म्हणे, "ती पोरगी बरोबर होती. हवा नसली की आवाज जात नाही. मालिकेवाले आपल्यासाठी टाकतात." मंग म्हणे, "तुमची पत्रं मी ऑफिसात वाचून दाखवायचे. आमच्या मॅडमचं पत्र, म्हणून." मी पाया पडाले वाकली तं त्या बाजूले सरकल्या. गुड्डीच्या हातात फऱ्याचा डबा मात्र दिला.

येताना गाडीत बसाले जागा भेटली, तरी दुर्गपर्यंत मी दारातच उभी होती. मले त्या खोलीत सांगाचं होतं, मी नौका काहून पाहतो ते. रात्ररात्र जमवून ठेवलं होतं, की तिथं कोणी कोणाले चूप बस म्हणत नाई म्हणून. माही पाळी येण्याआधीच मीच 'चूप बस' म्हणून बसली. खोटं बोलली याची लाज आहेच, पण ती पुसली जाईन कधी तरी. त्या पोट्टीची खाली गेलेली मान नाई पुसली जात. गुरुजीचा अन् बाबाचा मले एवढा राग होता, अन् जवा भेव वाटलं तवा त्याइचेच शब्द कामी आले. त्याइलेही येत नसन का उत्तर?

सोमवार होऊन गेला. फॉर्म भरला का नाई, मले माहीत नाई. नलिनीताईले विचाराचं तोंड नाई राह्यलं.

आपल्यापैकी कोणी रायपूरले जाईन तं सकाळची पॅसेंजर बरी, ऑटोवाल्याले दोनदा सांगा, अन् फरा खाऊन या. अन् भनपुरीकडे जाणं झालं तं भट्टीवरच्या देवीदासभाऊचं घर विचारा. त्याइच्या सोनलनं काय घेतलं, एवढं पाहून या. माहं नाव नका सांगू.