मुंजाबाभाऊंचा रविवारचा वर्ग

१९७७ साली मी आणि सखाराम बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. विषय गणित. मी हर्सूलचा, शेतकऱ्याचा मुलगा. रोज सायकलवर कॉलेजला यायचो. सखाराम परभणीकडच्या एका खेड्यातला, बौद्ध वस्तीतला. कॉलेजच्या वसतिगृहात राहायचा. आमच्या वर्गात तो सगळ्यांत हुशार होता. एखादं उदाहरण सुटलं की त्याला ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवायचं नाही. सहसा ऐकणारा मीच असायचो.

एका रविवारी आम्ही बसस्टँडजवळच्या हॉटेलात चहा पीत बसलो होतो. सखाराम सिगारेटच्या रिकाम्या पाकिटावर त्रिकोण काढून मला काहीतरी पटवत होता. शेजारच्या बाकावरचा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा माणूस बराच वेळ आमच्याकडं बघत होता. शेवटी उठून आला आणि म्हणाला, "एक विचारू का? ह्या त्रिकोणानं तिरपं माप निघतं का हो?"

ते मुंजाबाभाऊ. मूळचे पडेगावचे, मेंढपाळाच्या घरातले. सातवीनंतर शाळा सुटली. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात हेल्पर म्हणून लागले आणि बघून बघून लेथ, म्हणजे लोखंड कातायचं मशीन, चालवायला शिकले. त्यांनी खिशातून कागद काढला. एक लोखंडी दांडा साठ मिलिमीटर लांबीत चाळीसवरून तीस जाडीवर निमुळता करायचा होता. त्यासाठी लेथचा वरचा भाग किती अंशात वळवायचा, हे त्यांना कळत नव्हतं. "फोरमन अंदाजानं लावतो. दोन जॉब वाया जातात, मंग तिसरा बसतो. पर त्याला हिशोब असंलच ना काहीतरी?"

सखारामचे डोळे चमकले. "दोन्ही बाजूंनी मिळून दहा कमी करायचे, म्हणजे एका बाजूनं पाच. आता तुम्ही डोंगर चढताय असं समजा. साठ पावलं पुढं गेलात की पाच पावलं वर जायचं. पाच भागिले साठ. या भागाकाराचा कोन पुस्तकात दिलेला असतो." पिशवीतून लॉगटेबल काढून त्यानं तक्ता दाखवला. "हे बघा, पावणेपाच अंशाला जरा जास्त."

मुंजाबाभाऊंनी तो आकडा हातावर लिहून घेतला. पुढच्या रविवारी ते त्याच हॉटेलात आमची वाट बघत बसले होते. "पहिलाच जॉब बसला," ते म्हणाले. "फोरमन इचारत व्हता, कसं केलंस. म्या म्हनलं, डोंगर चढलो. आता मला हे सगळं मुळापासून सांगा. मला लई आवडलंय."

अशी सुरुवात झाली. दर रविवारी आम्ही चिकलठाण्याला त्यांच्या भाड्याच्या खोलीवर जायचो. त्यांच्याबरोबर कारखान्यातले आणखी दोघं-तिघं बसायचे. अपूर्णांकापासून सुरू करून वर्षभरात आम्ही बीजगणितापर्यंत पोचलो. आम्ही शिकवत होतो असं म्हणायचं. खरं तर आमच्या पुस्तकातले निम्मे नियम आम्हालाही तिथंच कळले. मुंजाबाभाऊ 'का' विचारल्याशिवाय पुढं सरकू द्यायचे नाहीत. ऋण गुणिले ऋण धन का, यावर आमचे दोन रविवार गेले.

१९७८ च्या जुलैच्या शेवटी विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. खेड्यांतून दलित वस्त्या जाळल्याच्या बातम्या येऊ लागल्या. कॉलेजं बंद झाली. आमच्या कॉलेजचं वसतिगृहही रिकामं करायला सांगितलं. गावाकडं जाणं सखारामला शक्य नव्हतं. पत्र्याची पेटी घेऊन तो फाटकाशी उभा होता आणि मी सायकल धरून त्याच्यासमोर.

माझं घर मोठं होतं. आदल्या दिवशी मी वडिलांना विचारलंही होतं. वडील दुष्ट नव्हते. पण ते म्हणाले, "गावात दिवस बरे नाहीत. चार दिवस थांब, मग आण." हे मी सखारामला सांगू शकलो नाही. म्हणालो, "घरी आजारपण आहे रे." तो फक्त "बरं" म्हणाला आणि पेटी उचलून चालू लागला.

तो चिकलठाण्याला गेला. पुढचं मला नंतर कळलं. खोलीच्या मालकानं त्याला दारातच बघितलं आणि मुंजाबाभाऊंना बजावलं, "ह्ये पोरगं इथं ठेवू नको. उगा माझ्या दाराशी भानगड नको."

"मंग माझंबी सामान काढतो," मुंजाबाभाऊ म्हणाले. त्यांनी वळकटी गुंडाळली, सखारामची पेटी सायकलच्या कॅरेजला बांधली आणि शहराला वळसा घालून दोघं पायी पडेगावला गेले. तिथं त्यांची आई, सखूबाई, मेंढरं सांभाळून एकटी राहायची. तिनं सखारामला एवढंच विचारलं, "भाकरी ज्वारीची चालती ना?" त्या दिवसापासून मुंजाबाभाऊ शिफ्टसाठी रोज पडेगावहून चिकलठाण्याला सायकल मारू लागले, शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

तीन दिवसांनी ते कामावरून थेट हर्सूलला, माझ्या घरी आले. मला वाटलं, आता मला बोल लावतील. ते ओसरीवर बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "पुंजाराम, रविवारी वर्ग पडेगावला हाय. सखारामनं एकट्यानं किती शिकवावं? तू ये."

मी गेलो. पहिल्या दिवशी मला सखारामकडं बघवेना. त्यानं माझ्या हातात कोळसा दिला आणि पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीकडं बोट केलं. "वर्गसमीकरण तू घे. तुझं अक्षर चांगलं आहे."

सखारामला आईची काहीच खबर नव्हती. तो बोलायचा नाही, पण सखूबाईच्या लक्षात आलं. तिनं लेकाला सांगितलं, "त्याची माय कुठं हाय ते बघून ये. तिच्याबी जिवाला घोर लागला असंल." मुंजाबाभाऊंनी कारखान्यातून दोन दिवसांची रजा घेतली आणि एसटीनं परभणीकडं गेले. परतले तो रविवार होता. आम्ही भिंतीसमोर बसलो होतो. सखाराम उभा राहिला.

"माय खुशाल हाय," मुंजाबाभाऊ आधी म्हणाले. "मामाकडं हाय. घर नाय राहिलं, सखाराम. तिनं सांगितलंय, माझी काळजी करू नको, पुस्तकं नीट ठिव."

सखाराम बाहेर जाऊन बराच वेळ मेंढरांजवळ बसला. सखूबाई त्याच्या शेजारी जाऊन बसली. मग तो आत आला, तोंड धुतलं आणि विचारलं, "कुठं होतो आपण?"

मूळ संख्यांपाशी होतो. त्या कधीच संपत नाहीत, हे त्यानं त्या दिवशी सांगितलं. सापडल्या तेवढ्या सगळ्या मूळ संख्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा. नव्या संख्येला त्यातल्या कशानंच भाग जात नाही. म्हणजे यादीबाहेर आणखी एखादी असणारच. मुंजाबाभाऊंनी तीन वेळा पडताळून बघितलं. "म्हंजी किती बी गोळा केल्या तरी एक बाहेर उरतीच," ते म्हणाले. सखाराम हसला. त्या महिन्यात मी त्याला पहिल्यांदाच हसताना बघितलं.

कॉलेजं उघडली. सखाराम पहिल्या वर्गात पास झाला, एम.एस्सी.ला विद्यापीठात पहिला आला आणि पुढं तिथंच शिकवायला लागला. मी शाळेत गणिताचा मास्तर झालो. मुंजाबाभाऊ बाहेरून दहावीला बसले. इंग्रजीत दोनदा आपटले, तिसऱ्यांदा पास झाले; गणितात दीडशेपैकी एकशे अठ्ठावीस. कारखान्यानं त्यांना नव्या पोरांना शिकवायचं काम दिलं. वाळूजला कारखाने उभे राहिले तेव्हा त्यांच्या हाताखालची मुलं तिकडच्या मशीनींवर गेली. एकालाही ते आकडा पाठ करू द्यायचे नाहीत. आधी त्रिकोण काढ, मग मशीनला हात लाव.

१९९४ च्या जानेवारीत विद्यापीठाचा नामविस्तार झाला. त्या आठवड्यात आम्ही तिघं सखारामच्या घरी जेवायला जमलो. जेवण झाल्यावर मी सोळा वर्षं मनात ठेवलेलं बोललो. "घरी आजारपण नव्हतं, सखाराम. मी खोटं बोललो होतो."

"मला त्याच दिवशी कळलं होतं," तो म्हणाला. "तुझा चेहरा सांगत होता."

मी मुंजाबाभाऊंकडं वळलो. "आणि तुम्हाला?"

"सखारामनं सांगितलं नव्हतं. पर ठावं व्हतं." ते म्हणाले. "म्हनून तर आलो हर्सूलला. तू तवा आला नसतास, तर मंग जन्मभर आलाच नसतास."

मला त्यांचे आभार मानायचे होते. जमलं नाही. सखारामच्या बायकोनं चहा आणला आणि बोलणं दुसरीकडं गेलं.

सखूबाई आता नाही. सखाराम निवृत्त झाला. मुलाकडं पुण्याला असतो, पण दिवाळीला येतो. मुंजाबाभाऊंनी सत्तरी ओलांडली आहे आणि गुडघ्यांमुळं जिना चढवत नाही, म्हणून पडेगावच्या पोरांचा रविवारचा वर्ग त्यांच्याच घरी वरच्या खोलीत मी घेतो. बारा-पंधरा मुलंमुली येतात. वर्ग सुटला की मी खाली येऊन मुंजाबाभाऊंच्या खाटेशेजारी बसतो. ते चष्मा लावतात, वही मागतात आणि म्हणतात, "हां, सांग. आज काय झालं?" मग मी त्यांना सगळं पहिल्यापासून सांगतो.