उन्हात न दिसलेला नंबर

चूक माझीच होती. सुक्या बोंबलांची वेबसाइट मी डहाणू रोडच्या माझ्या कॉम्प्युटरच्या दुकानात, पंख्याखाली बसून बनवली. फिकट राखाडी अक्षरं मला देखणी वाटली. ज्यांच्यासाठी बनवली, त्या किनाऱ्यावर बोंबील वाळवणाऱ्या मावशींनी ती भर उन्हात मोबाइलवर उघडली.

“माझा नंबर कुठाय रे? गिऱ्हाईक फोन कुठे करणार?”

“आहे, मावशी. सावलीत बघा.”

“गिऱ्हाईक काय सावली घेऊन फिरतं? मी एकेक बोंबील चाचपून मगच पिशवीत भरते. तू उन्हात एकदा तरी बघितलंस?”

नव्हतं बघितलं. मग आठवडाभर रोज दुपारी बोंबील टांगलेल्या बांबूच्या वलांडीशेजारी बसलो आणि त्यांच्याच मोबाइलवर तपासत एकेक पान नव्याने केलं. शेवटी मावशींनी उन्हातच नंबर मोठ्याने वाचला, तेव्हा म्हणालो, “मावशी, तुमच्याइतकी काळजी मी घेतली नव्हती, वर तुम्हालाच सावलीत पाठवत होतो. माफ करा.”