पंचमीची कुदळ

पंचफुलाबाईच्या जिभेला हाड नाही, असं सावनेरच्या वाटेवरच्या त्या छोट्या वस्तीत, टोलीत, सगळेच म्हणत. म्हणायच्या आधी मात्र ती आसपास नाही ना, हे बघून घेत. नागपूरच्या महाल भागातल्या महादेवरावांच्या तलावाची ती राखणदार. तलाव तरी कसला, नाल्याला आडवी घातलेली मातीची पाळ आणि तिच्यामागे साचलेलं पाणी. मालकांना पाहुण्यांना नावेतून फिरवायची हौस. समुद्र काही नागपुरात येत नाही, म्हणून कोल्हा काकडीला राजी. पाळीवरचं गवत कापायचं, गुरं हाकलायची, झुडूप दिसलं की उपटायचं, हे पंचफुलाचं काम, आणि ते ती इतकं चोख करी की बकऱ्यासुद्धा पाळ टाळून लांबून जात.

फक्त पाळीच्या टोलीकडच्या उतारावरच्या वारुळाला ती कुणाला हात लावू देत नसे. तिचा लेक लहानू रांगणं सोडून चालायला लागला आणि त्याला पान लागलं. साप चावला असं तिकडे कुणी तोंडाने म्हणत नाही. वैद्याने हात टेकले, तेव्हा तिने याच वारुळापुढे पदर पसरून लेकाचा जीव मागितला आणि बोलून बसली, ‘पंचमीला या तलावावर कुठंच कुदळ लागू देणार नाही. लागली, तर देल्लेलं परत घे.’ लहानू वाचला, मिशा फुटून धिप्पाड गडी झाला. बोललेलं तिने कुणाला सांगितलं नाही, लहानूलाही नाही. नागपंचमीला जमिनीत लोखंड घालू नये हे सगळा मुलूख पाळतो; पंचफुला त्यावर पहारा देई. आदल्या साली टोलीतल्या विश्वनाथने विसरून बैलाचा खुंटा ठोकला, तर तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता.

नागपूरच्याच धंतोलीचे मधुकरराव, पाटबंधाऱ्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर, मालकांचे स्नेही. गळ टाकायला येत. ते सांगून थकले, “बाई, वारूळ म्हणजे पाळीच्या पोटातली भोकं. उन्हाळ्यात खणून, माती ठोकून भरून घेऊ.”

“आधी मले गाडा साहेब, मंग वारूळ खणा.”

मालकांनाही त्यांनी बजावलं होतं, की सांडव्यावर मातीचा वरंबा घालून पाणी वाढवू नका, जादा पाण्याला जायची तेवढी एकच वाट आहे. पण नाव गाळात रुतते म्हणून मालकांनी वरंबा घातलाच. एकाची हौस आणि एकीचा नवस, दोघंही ऐकणाऱ्यांतले नव्हते.

त्या श्रावणात झड लागली ती उघडेना. पंचमीच्या सकाळी पंचफुला दूध-लाह्या घेऊन वारुळाकडे निघाली, तर पाळीच्या पायथ्याशी पाणी उकळल्यासारखं वर येत होतं. पाझर तिने पुष्कळ पाहिले होते, पण हे पाणी चहासारखं गढूळ होतं. तिच्या हातातली वाटी पडली. झडीमुळे मालकांच्या तलावाकाठच्या बंगल्यात अडकलेले मधुकरराव तिच्या आरोळीसरशी अनवाणी धावत आले. त्यांनी ओंजळीत पाणी घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

“माती वाहून चाललीय. पाळ आतून पोखरली जातेय.”

“आता खणू का वारूळ?” तिचा आवाज फाटला.

“आता त्याला धक्का लावाल तर सगळी पाळच जाईल! इथे रेती टाका, वर गिट्टी. सांडव्यावरचा वरंबा फोडा, पाणी उतरलं तरच निभावेल. आणि आधी टोली रिकामी करा.”

लहानू टोलीकडे पळाला. बाया पोरं-म्हशी घेऊन निघाल्या. ओली बाळंतीण शामला, तिला खाटेसकट उचलावं लागणार होतं. गडी धावत आले. घाटाच्या पायऱ्यांसाठी आणलेल्या रेतीच्या ढिगातून त्यांनी टोपली-टोपली वाहिली, मधुकरराव पाझरापाशी उभे राहून ती टाकून घेत होते. पण वरंब्यापाशी येऊन सगळ्यांचे हात गळाले. कुदळी होत्या, फावडी होती. उचलायला कुणी तयार नव्हतं.

“काहून उभे राहिले गा?” पंचफुला ओरडली.

विश्वनाथने मान खाली घातली. “पंचमी हाय काकू. तूच त सांगते.”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, नुसती भीती होती. ही भीती तिनेच वर्षानुवर्षं त्यांच्यात ठोकून बसवली होती. खालून मधुकररावांची हाक आली, “लवकर! इथे टाकलेलं सगळं खचतंय!”

पंचफुलाने कुदळ उचलली. तेवढ्यात परत आलेल्या लहानूने दांडा धरला. “माय, दे मले.”

“दूर हो!” तिने त्याला कोपराने ढकललं. “बोट लावशीन त तंगडी तोडीन.” मग वारुळाकडे तोंड करून ती पुटपुटली, “मले ने. लेकराले नको,” आणि घाव घातला.

ओल्या मातीत कुदळ रुतून बसे, ती रडत उपटे आणि पुन्हा घाली. अखेर विश्वनाथने फावडं उचललं. “एकटी काकू किती पाप उचलन?” मग सगळेच तुटून पडले. लहानू जवळ आला की मात्र ती कुदळ उगारे.

वरंबा फुटला. पाणी गर्जत सांडव्याने नाल्यात गेलं. दिवस कलता तलाव पुष्कळ उतरला आणि पायथ्याचं पाणी हळूहळू नितळ झालं. मधुकरराव चिखलातच बसले आणि म्हणाले, “वाचली.”

लहानू रस्त्यावर बसला होता, तोंड फुगवून. “साऱ्यांनी खोदलं. मी एकटा पाहत राहिलो. काय म्हणतीन लोकं?”

पंचफुलाने त्याचे पाय मांडीवर ओढले, चिखल पुसला, घोटे पाहिले, बोटांच्या बेचक्या पाहिल्या. मग इतक्या वर्षांचं ते बोलणं तिने त्याला सांगितलं.

लहानूचा चेहरा पांढरा पडला. “म्हंजे मायाच जीव डावावर लावला तू?”

“हो,” ती म्हणाली. “शामलीची खाट अजून टोलीतच होती रे. लेकरू त्याच खाटेवर.”

त्याने पाय मागे घेतले नाहीत. पुढे ती जगली तोवर दर पंचमीला ती त्याला दिवसभर खाटेवर बसवून ठेवी, भुईला पाय लावू देत नसे. लोक हसत. दोन पोरांचा बाप झालेला तो धिप्पाड लहानू मुकाट बसून राही.