न कापलेलं चीज

लेओंतीन पेराकनं उभा जन्म गावाची डोकी भादरण्यात घालवला. त्यामुळे कुठल्याच डोक्याचा तिला धाक नव्हता, मग ते पॅरिसचं का असेना.

अमेदे व्हेर्नोल हा त्या गावचा जुना, थोर कादंबरीकार. त्याच्या नावाचं बक्षीस दर शरदात गावातल्याच खानावळीत, जेवता जेवता ठरतं. परीक्षक सहा. पाच पॅरिसचे, सहावी जागा गावच्या वाचकाची. यंदा लेओंतीनची. व्हेर्नोलनंच घालून दिलेला नियम असा, की निकाल एकमतानं लागायला हवा. तो लागला की जेवणानंतरचं, गोडाच्या आधीचं चीज गावच्या माणसानं कापायचं, आधी नाही. एकमत झालं नाही तर बक्षीसही नाही. लोक या नियमाला हसतात, पण मोडत मात्र नाहीत.

निकालाच्या दिवशी सकाळी ती पाव आणायला निघाली, तर पुस्तकांच्या दुकानाच्या काचेत एकाच कादंबरीचा ढीग. प्रत्येक पुस्तकाला लाल कागदी पट्टा: ‘व्हेर्नोल पुरस्कार’.

“अरे फुल्बेर, अजून मतदान व्हायचंय!”

दुकानदाराचा चेहरा पडला. “प्रकाशकानं पट्टे धाडले होते. उद्या बांधायचे होते, बाई. माझी आपली घाई!”

पुस्तक होतं परीक्षकांचे अध्यक्ष देलमार यांच्या मित्राचं. लेओंतीननं एक प्रत विकत घेतली आणि जेवायला गेली.

मटण संपलं. देलमारांनी ओठ टिपले. “आमच्या पाचांचं ठरलंय. मादाम, तुमचं तेवढं ‘हो’ म्हणा.”

“नाही. मला ल हाव्र बंदरातल्या त्या नर्सनं लिहिलेली कादंबरी हवी.”

“अहो, पण आम्ही पाच आहोत!”

“पाच म्हणजे एकमत नव्हे.”

“बाई, साहित्य म्हणजे केस कापणं नव्हे.”

“खरंय. केस कापताना मी गिऱ्हाईक बसायच्या आधी कात्री चालवत नव्हते.” तिनं पट्टा बांधलेली प्रत पावाच्या टोपलीत उभी केली.



“प्रकाशकाचा उत्साह,” देलमार पुटपुटले. मग आवाज चढला. “पुढच्या वर्षी ही गावची जागा राहीलच, असं समजू नका.”

“काढा खुशाल. आज आहे ना?”

मधोमध अख्खं चीज घमघमत होतं. एका परीक्षकानं आवंढा गिळला. “निदान गोड तरी आणा.”

खानावळवाल्या मार्सेलीननं दारातूनच सुनावलं, “चीजआधी गोड? माझ्या घरात? शोभतं का?”

सगळे देलमारांकडे बघू लागले. ते नर्सच्या नावाला हो म्हणेनात, ही त्यांच्या मित्राच्या. आपल्या हट्टापायी त्या नर्सलाही काहीच मिळणार नाही, हे लेओंतीनला टोचत होतं. पण लबाडीला मान डोलवायची? छट्.

ती उठली, खिडकी उघडली. खाली निकालासाठी थांबलेले बातमीदार माना वर करून उभे.

“यंदा बक्षीस नाही!” ती ओरडली. “का, ते फुल्बेरच्या दुकानाच्या काचेत बघा!”

आणि चीजची सुरी पर्समध्ये टाकून ती निघाली.

“मादाम! अहो, चीज?” देलमार कळवळले.

“पॅरिसला मिळतं की!”