दौलतने सांगितलेले ठोके

शेजारच्या प्लॉटवर माती तपासायचं यंत्र आलंय. ओल्या काळ्या मातीचा वास खिडकीतून आला आणि मला अकोल्याचा दौलत मुकादम आठवला.

इंजिनिअर म्हणून नोकरीचं माझं पहिलंच वर्ष होतं. तिथे मोर्णा नदीच्या काठी मुलींची शाळा व्हायची होती, तिच्या पायासाठी माती तपासत होतो. दौलतचे मजूर दोराने जड वजन खुणेपर्यंत उचलून लोखंडी नळीवर सोडत. नळी फूटभर रुतायला ठोके जितके जास्त, तितकी माती पक्की. ते ठोके मोजून मी वहीत लिहीत होतो.

संध्याकाळी सगळे गेले, दौलत मात्र थांबला.

"साहेब, दुपारून आमी वजन अर्ध्यावरूनच सोडून राहिलो होतो. हात भरून आले होते. म्हून ठोके जास्त लागले, अन् तुमी मातीले पक्की लिवलं."

"मग तेव्हाच काहून नाही सांगितलं?" मी चिडलो.

"काम जाईन म्हून भ्यालो. पन इथं पोरी बसतीन ना."

सकाळी पुन्हा मोजलं, तर ठोके निम्मेच भरले. पाया खोल न्यावा लागला. शाळा आजही धड उभी आहे.

तेव्हा मी त्याचे आभारसुद्धा मानले नाहीत. पण त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ठोके मोजताना माझी नजर आधी मजुरांच्या हातांकडे जायची, आणि हात थकलेले दिसले की मी काम थांबवून सगळ्यांना सावलीत बसवायचो.