उतारावर चालू होणारी गाडी

पोरगा मागच्या सीटवर आडवा होता, तोंडातून लाळ गळत होती आणि गाडी चालू होत नव्हती.

नवरा किल्ली फिरवायचा, सेल्फ घरघरायचा आणि थांबायचा. मी पोराचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. कपडे काढून साबणानं त्याचं अंग धुतलं होतं, तरी फवाऱ्याच्या औषधाचा वास जात नव्हता. डोळ्यांतल्या बाहुल्या ज्वारीच्या दाण्याहून बारीक झाल्या होत्या. गाडीभोवती अर्धी गल्ली जमली होती. धक्का मारायला माणसं होती, पण सपाटीवर, चिखलात ती जड गाडी दोन हात सरकायची आणि रुतायची.

तेवढ्यात समोरच्या घरातला भाजीवाला भाई पुढं आला. त्याचं शेत आमच्या शेताला लागून, तिथं तो भाजीपाला पिकवायचा आणि डोणगावच्या बाजारात न्यायचा. आठवडाभर तो आमच्याशी बोलत नव्हता. तो बोनेटपाशी उभा राहून मेलेल्या गाडीकडे बघत होता आणि माझ्या मनात आलं, बरं झालं, याला दिसलं आम्ही खोटं बोललो नव्हतो.

पोराचा श्वास माझ्या तळहाताला लागत होता आणि मला भाईपुढं खरं ठरल्याचं हायसं वाटलं होतं. गावापुढं गाडी बंद पडली याची लाज वेगळी. ती धुऊन गेली. या हायसं वाटण्याची गेली नाही.

त्याचं कारण त्या उतारात आहे. आमच्या घरासमोरून रस्ता खाली शाळेकडं उतरतो. बीटीचा कापूस पहिली काही वर्षं बरा झाला, तेव्हा नवऱ्यानं जुनी डिझेल गाडी घेतली. गावात तेव्हा चारचाकी तीच. पुढं ती सकाळी चालू होण्यात कुरकुर करायला लागली. एकदा चालू झाली की दिवसभर अर्ध्या किल्लीत चालू व्हायची, पण रात्रभर उभी राहिली की सेल्फ मारून मारून बॅटरी उतरायची. नवऱ्यानं बॅटरी बदलली. इंजिनातले हीटर बदलले. फरक पडला नाही. मग त्यानं ती उताराच्या डोक्यावर, तोंड खाली करून लावायला सुरुवात केली. सकाळी ब्रेक सोडायचा, गाडी गडगडत निघायची, शाळेच्या अलीकडं गिअर टाकला की भक्कन चालू. गल्लीतल्या बाया भांडी घासता घासता रोज बघायच्या.

कोणी विचारलं तर नवरा म्हणायचा, ‘डिझेल वाचवतो. गाडी एक नंबर हाय.’

उताराशिवाय ती चालू होत नाही, हे घराबाहेर कोणाला सांगायचं नाही, असं त्यानं मला आणि पोराला बजावलं होतं. मीही सांगितलं नाही. मलाही मिरवायला आवडायचं.

मग ग्रामपंचायतीनं उताराचा रस्ता सिमेंटचा करायला घेतला. गाडी घराशेजारच्या हौदाजवळ, सपाटीवर लावावी लागली. दुसऱ्याच सकाळी उजाडताना भाई धावत आला. त्याची मुलगी बाळंतपणाला माहेरी आलेली होती, कळा सुरू होऊन ती अडली होती.

‘भाऊ, गाडी काढा. मेहकरले दवाखान्यात न्या लागते.’

नवऱ्यानं सेल्फ मारला. मारत राहिला. शेवटी खाली उतरून म्हणाला, ‘नाही होऊन राह्यली भाई. बॅटरी गेली.’

‘काल तर झाली ना!’

‘काल झाली. आज नाही होत.’

भाई तसाच माघारी वळला. त्याची बायको मात्र दारातून ओरडली, ‘सोताची लेक असती तर झाली असती चालू!’ मी ओट्यावर उभी होते. ‘अवं बाई, उतारावरच होते ती’ एवढंच मला म्हणायचं होतं. नवऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पदर सावरला आणि आत गेले.

शेवटी बाजाराला जाणारा भाजीचा टेम्पो आला, त्यात मुलीला घालून ते निघाले.

त्या दुपारी नवऱ्यानं मिस्त्री आणला. त्यानं बॅटरी चार्ज केली, ट्रॅक्टरनं ओढून गाडी चालू करून दिली. मग ती बंद करून पुन्हा किल्ली मारली, लगेच झाली. गरम होती म्हणून झाली, हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. नवरा म्हणाला, ‘झालं काम.’ आणि ती पुन्हा सपाटीवर उभी केली. पोरगा पडला त्या दिवसापर्यंत ती काढलीच नाही.

बीटीला फवारे लागत नाहीत असं आधी सांगत होते. नंतर सगळं लागायला लागलं. कापूस त्या साली डोक्याच्या वर गेला होता. पोरानं दोन औषधं एकत्र करून, तोंडाला नुसता रुमाल बांधून सकाळभर फवारलं, तेही वाऱ्याच्या तोंडी. घरी आला तोच भिंत धरत.

तर भाई बोनेटपाशी उभा होता. नवऱ्यानं पुन्हा सेल्फ मारला. भाई मागं जाऊन सायलेन्सर बघून आला.

‘धूर कुठी हाय? धुराचा पत्ता नाही. काऊन बे, डिझेल हाय का टाकीत?’

‘हाय. भरेल हाय.’

‘मंग उतारावर कशी होते?’

नवऱ्यानं पुन्हा किल्लीला हात घातला. मी खिडकीतून तोंड काढलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलले. ‘उतारावरच होते, भाई. वरसभरापासून. तोंड खाली असलं तरच होते. सपाटीवर रातभर उभी राह्यली का मरते. यायनं कोणाले सांगू देल्लं नाही, आन् मी बी सांगतलं नाही.’

नवऱ्यानं स्टिअरिंगवर कपाळ टेकलं.

‘अरे मंग हवा धरते ना ते!’ भाई म्हणाला. ‘तुह्या विहिरीवरचं इंजिन काय करते? उठ, पाना दे.’

विहिरीवरच्या ऑइल इंजिनानं हवा धरली, म्हणजे डिझेलच्या वाटेत हवा शिरून ते अडलं, की आमच्याकडं कोणीही बोल्ट सैल करून हवा काढतं. मीही काढलेली आहे. नवऱ्यानं तर जन्मभर तेच केलं. पण ही कार होती, हिला मिस्त्री लागतो, बॅटरी लागते, असंच आम्ही धरून चाललो.

भाईनं फिल्टरवरचा बोल्ट सैल केला, नवरा त्यावरचा हातपंप दाबत राहिला. आधी नुसता फेस आला. फुस्स फुस्स करत बुडबुडे. मग निव्वळ डिझेलची धार. बोल्ट आवळताना भाईनं बोटानं खालची नळी दाखवली. डिझेलची मूळची नळी फुटली तेव्हा नवऱ्यानं फवारणीच्या जुन्या पंपाच्या नळीचा तुकडा कापून बसवला होता. डिझेलनं तो कडक होऊन चिरला होता. तिथून हवा शिरायची आणि रात्रभरात डिझेल टाकीत परत जायचं. तोंड उतारावर असलं की टाकी वर राहायची, मग जात नव्हतं.

किल्ली फिरवली. गाडी चालू झाली.

भाईच पुढं बसला, नळीवर फडकं गुंडाळून, वाटेत बंद पडली तर म्हणून. मेहकरपर्यंत गाडी बंद पडली नाही. पोराला आत नेल्यावर तो दवाखान्याच्या पायऱ्यांवर माझ्याजवळ बसला. हाताला डिझेल होतं, ते मातीनं चोळत होता.

‘भाभी,’ तो म्हणाला, ‘त्या दिवशी सांगतलं असतं का उतारावरच होते म्हणून, तर तेव्हाच काढली असती ना हवा. किती वेळ लागला?’

आवाजात राग नव्हता. मी त्याच्याकडं बघितलं नाही. पायरीवरच्या पानाच्या पिचकाऱ्या बघत बसले.

नवऱ्यानं नंतर नवी नळी टाकली. गाडी सपाटीवर चालू व्हायला लागली. सिमेंटचा रस्ता पक्का झाला तरी ती उतारावर कधी लावली नाही. मला त्या गाडीत बसायला नको वाटायचं, पण बसले. गावाला जायचं तर पायी थोडंच जाणार.

माझा पोरगा वाचला. भाईची मुलगी वाचली. तिचं बाळ टेम्पोत जन्मलं, ते वाचलं नाही.